कुशीतला वरवंटा

जुई पायथ्याच्या कप्प्यात सापडली आणि ती जिवंत होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे हळव्या मनाच्या वाचकांना पुढचं सगळं धाकधुकीत वाचायला नको.

आता हे विसरा. असं काही घडलेलंच नाही. कंपनीच्या नोंदीप्रमाणे त्या दुपारी बाळ घरातच, अगदी सुखरूप होतं. अंग कोमट, वजन जसंच्या तसं. नोंद खोटं बोलत नाही. तिला बोलताच येत नाही, ती फक्त असते.

तर सुरुवातीपासून.

शाल्मलीला सातवा महिना लागला तेव्हा पाळण्याचा विषय निघाला आणि पुढचे सहा आठवडे झोपे आडनावाच्या त्या घरात कुणालाही धड झोप लागली नाही. तिचा नवरा निनाद पूल तपासायचा. कुठला पूल कधी पडेल हे सांगणं हा त्याचा धंदा, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू आज ना उद्या पडणारच अशा नजरेनं तो सगळीकडे बघायचा. लग्नातसुद्धा तो अंतरपाटाकडे नाही, मांडवाच्या खांबाकडे बघत होता. आता त्याने पाळण्यांचा तक्ता केला. गादी किती टणक आहे, कठड्याच्या पट्ट्यांतून बाळाचं डोकं जाईल का, पाळणा आईच्या पलंगाला जोडला तर मधे बोटभर तरी फट राहते का.

"तुला मी साडीच्या झोळीत वाढवली," शाल्मलीची आई वैशालीबाई म्हणाल्या. "काही झालं का?"

"माझी मान अजून डावीकडे कलते, आई."

"ती तुझ्या वडिलांकडून आली."

पण झोळीचा प्रश्नच नव्हता, कारण मधे कायदा आला होता. झोपेत बाळं दगावू नयेत म्हणून केलेला कायदा. हेतू अगदी निर्मळ. बाराव्या दिवसाच्या आत बाळाने प्रमाणित पाळण्यात झोपायचं, पाळण्याने तशी ग्वाही द्यायची आणि मगच जन्मदाखला निघायचा. त्यानंतर वर्षभर बाळाने झोपायचं ते तिथेच. सलग तीन तास पाळणा रिकामा राहिला तर तो स्वतःच वर कळवणार आणि बालरक्षण पथकाची गाडी दाराशी येणार.

प्रमाणित पाळणे तीनच होते. एक बाळाला झोपवताना मधे मधे जाहिराती ऐकवायचा. दुसऱ्याच्या कठड्यात निनादला नऊ दोष दिसले. तिसऱ्याचं नाव होतं कूस.

कूस म्हणजे आईच्या पलंगाला चिकटून बसणारा पाळणा, आईच्या बाजूचा कठडा खाली जाणारा. हात लांब केला की बाळ. तिचं विज्ञान तसं सोपं आहे. गादीखाली नखाएवढा रडार असतो. त्याच्या लहरी बाळाच्या छातीवर आपटून परत येतात आणि छाती केसभर जरी वर-खाली झाली तरी कुशीला कळतं. पण गंमत अशी, की गादी स्वतःही श्वास घेते. बाळाला आईच्या छातीवर झोपल्यासारखं वाटावं म्हणून ती मिनिटाला सोळा वेळा हलकेच फुगते आणि बसते. मग यातलं हलणं गादीचं किती आणि बाळाचं किती, हे ओळखायचं कसं? त्यासाठी असते ती पहिली ओळख. बाळाला कुशीत पहिल्यांदा ठेवलं की चाळीस मिनिटं ती त्याचं वजन, ऊब, ठोके, नाव, सगळं टिपून घेते आणि ठरवते की हे माझं बाळ. ही ओळख एकदाच होते. बाळांची अदलाबदल होऊ नये म्हणून ती पुसायची सोयच ठेवलेली नाही.

आणखी एक. झोपलेल्या बाळाजवळ उशी, दुलई, खेळणं, काही म्हणजे काही ठेवू नये, हे कुठलाही डॉक्टर सांगतो. कूस ते फारच मनावर घ्यायची. दुकानदाराने ओळख झालेल्या रबरी बाहुल्याशेजारी एक कापसाचं अस्वल ठेवून दाखवलं. गादी एका अंगाने कलली, अस्वल पायथ्याच्या कप्प्यात घसरलं आणि कप्पा मऊ आवाज करून मिटला.

"मॅडम, ही बाळाला आईपेक्षा जास्त ओळखते," दुकानदार म्हणाला.

"मी तर अजून ओळखलंच नाहीये," शाल्मली म्हणाली. "सातवाच चालू आहे."

निनादने कुशीचे चारी पाय हलवून बघितले, कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच एखाद्या वस्तूला म्हणाला, "ही पडणार नाही."

बारसं माहेरी, जळगावला झालं. मे महिना. उन्हात ठेवलेल्या वस्तूला जळगावात मे महिन्यात ताप येतो, मग ती सजीव असो वा नसो. कुशीला मोगऱ्याच्या माळा लावल्या होत्या, घुगऱ्या शिजत होत्या, आणि रिवाजाप्रमाणे बाळाच्या आधी पाळण्यात घालायचा वरवंटा वैशालीबाईंनी सकाळीच धुऊन गच्चीवर वाळत टाकला होता. तो खाली आला तेव्हा चांगलाच कोमट होता. त्याला अंगडं-टोपडं घातलं, काजळ लावलं, की झाला गोप्या. रिवाज जुना आहे: आधी दगड पाळण्यात घालायचा, पाच जणींनी तो पाळण्याखालून एकमेकींना द्यायचा, वरून घ्यायचा, मग बाळाला घालायचं. बाळ दगडासारखं दणकट व्हावं, नजर लागायचीच असेल तर दगडाला लागावी, असा काहीतरी हेतू.

नाव ठेवायला आत्या आली होती. केतकी, निनादची धाकटी बहीण. ती स्वतः सातव्या महिन्यात होती आणि तरीही घरातली सगळ्यात वात्रट बाई होती.

ऐन वेळी जुईने भोकाड पसरलं. शाल्मली तिला पाजायला आतल्या खोलीत गेली. बाहेर बायका खोळंबल्या.

"वहिनीचं होईपर्यंत आपण या गोप्याचं नाव ठेवून घेऊ," केतकी म्हणाली. "रंगीत तालीम!"

कंपनीने बाळाच्या हाताला बांधायला ओळखीची फीत दिली होती, बाळ कुठे आहे आणि त्याला काही लागतंय का हे कुशीला कळवणारी. केतकीने ती वरवंट्याच्या, असेल तिथे, गळ्यात बांधली. पाच जणींनी तो खालून-वरून फिरवून कुशीत ठेवला आणि हसत हसत कूस झुलवायला लागल्या. केतकीने टोपड्याला तोंड लावून कुर्रर्र केलं आणि खऱ्या बाळासाठी ठरवलेलं नाव सांगून टाकलं. आता आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. पण गरोदर बाईला मारायचं कसं? मग बायकांनी धपाटे कुशीच्या कठड्यावर घातले. धप धप, धप धप, जोडीजोडीने. झुलवणं आणि धपाटे आणि गाणी, चांगला तासभर चाललं.

तेव्हा कुशीचा दिवा हिरवा झाला आणि एका समजूतदार बाईच्या आवाजात ती म्हणाली, "स्वागत, जुई. आपली ओळख झाली."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी डोळेही पुसले.

जुई नंतर बाहेर आली ती आज्यांच्या, माम्यांच्या मांड्यांवरच फिरत राहिली. तिला कुशीत घालायचं राहून गेलं. दिवा हिरवा होता, त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. वरवंटा रात्रभर कुशीत झोपला. संध्याकाळीच फोनवर जन्मदाखला आला. वजन तीन किलो दोनशे.

"डॉक्टरने तर दोन-नऊशे सांगितलं होतं," शाल्मली म्हणाली.

"तुपाचे लाडू," वैशालीबाई म्हणाल्या. "तू खातेस, तिला लागतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी शाल्मली न्हायला गेली. वैशालीबाईंना ठेचा वाटायचा होता आणि मिक्सरमधला ठेचा त्या ठेचा मानत नव्हत्या. त्यांनी कुशीतून वरवंटा उचलला, अंगडं काढलं, फीत तशीच राहू दिली, आणि त्याच्या जागी झोपलेल्या जुईला नीट उताणी ठेवून स्वयंपाकघरात गेल्या.

शाल्मली केसांना पंचा बांधून आली. कूस रिकामी होती. माळेतली दोन फुलं तेवढी गादीवर पडली होती.

"आई! जुई तुझ्याकडे आहे का?"

उत्तर कुशीने दिलं. "जुई स्वयंपाकघरात आहे."

शाल्मली निघालीच होती, तेवढ्यात कूस पुन्हा बोलली, थोडी काळजीने. "तिच्यावर आघात होत आहेत. वारंवार. कृपया थांबवा."

स्वयंपाकघरातून पाट्यावर मिरच्या रगडल्याचा आवाज येत होता.

शाल्मली दारातच थांबली. आई एकटी होती, हातात दगड होता, दगडाच्या गळ्यात फीत होती. मग मागून, खोलीतून, कुठूनतरी खालून, मांजराने फळी खरवडावी तसा बारीक आवाज आला.

कप्पा उघडायला तिला नक्की किती वेळ लागला हे तिला कधीच सांगता आलं नाही. आत जुई होती. लालभडक, घामाने निथळलेली, पाय झाडणारी. शाल्मलीने तिला छातीशी घेतलं. जुईने एक लांब श्वास आत ओढला, मधेच थांबली, इतकी थांबली की भिंतीवरच्या घड्याळाचा काटासुद्धा थांबल्यासारखा वाटला, आणि मग जी ओरडली ती शेजारच्या तीन घरांत ऐकू गेली.

"परकी वस्तू कृपया पाळण्याजवळ आणू नका," कूस म्हणाली.

पथकाची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. कप्प्यासाठी नव्हे. पाट्यावर बाळाला झालेल्या मारहाणीसाठी. गाडीतून जिल्हा निद्रा कक्षाचे निरीक्षक ठोसर उतरले, घामेजलेले, हातात पाण्याची बाटली. त्यांनी चहा घेतला, सगळं ऐकून घेतलं, वरवंटा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, मग जुईकडे पाहिलं. जुईने त्यांचं बोट धरलं.

"मला कळतंय हो, ताई," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांना मुलगी दिसतेय. पण डोळ्यांना अधिकार नाहीत."

"म्हणजे?" निनाद म्हणाला.

"म्हणजे पहिली ओळख बायकांच्या झुलवण्यात झाली. कुशीला वाटलं, हे झुलणं बाळाचं. धपाटे म्हणजे ठोके. आता गादी स्वतः हलते, वर ठेवलेला दगडही तिच्याबरोबर हलतो, आणि ती म्हणते, वा, काय सुंदर श्वास आहे. स्वतःचाच श्वास मोजते आणि खूश होते."

"मग दुरुस्त करा ना!"

"ओळख पुसता येत नाही. ते सुरक्षेसाठीच आहे."

"कुणाच्या?" शाल्मलीने विचारलं.

ठोसरांनी बोट जुईच्या मुठीतून हळूच सोडवलं. "तक्रार केलीत तर मला लिहावं लागेल की या घरात एक नोंद नसलेलं मूल आहे. नोंद नसलेलं मूल चौकशी होईपर्यंत बालगृहात ठेवतात."

"चौकशी किती दिवस चालते?"

"अजून एकही संपलेली नाही." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "मी काय म्हणतो, दगड परत ठेवा. ठेचा मिक्सरमध्ये करा. वर्षाचा तर प्रश्न आहे."

मारहाणीच्या रकान्यात त्यांनी 'गैरसमज' असं लिहिलं आणि जाताना सवयीने वरवंट्याच्या टोपड्यावरून हात फिरवला.

मग जळगावच्या त्या घराची घडी बसली. घडी कशाचीही बसते, हीच तिची वाईट खोड आहे. पलंगाच्या डाव्या बाजूला कुशीत वरवंटा झोपायचा. उजव्या बाजूला आंब्याच्या पेटीत जुई. पेटी निनादने निवडली. सपाट तळ, चारी बाजूंनी हवा, पट्ट्यांतून डोकं जात नाही. त्याने त्यावर टणक पातळ गादी बसवली, पेटी तीनदा हलवली, तक्त्यात तिला जागा दिली. ती पहिली आली.

बाहेरून कुणी आलं की शाल्मली कुशीकडे बघून आवाज हळू करायची. सुरुवातीला नाटक म्हणून. नंतर एकदा घरात कुणीच नसताना तिने वरवंट्याचं टोपडं नीट केलं आणि स्वतःच दचकली. लसी टोचायला येणारी ताई जुईलाच टोचायची, कारण दगडात सुई जात नाही. पण वजन कुशीकडून यायचं. दर आठवड्याला तीन किलो दोनशे. 'वाढ नाही, परंतु घटही नाही. स्थैर्य कौतुकास्पद,' असा शेरा यायचा. जुई आईच्या दुधावर गुबगुबीत होत होती, आणि कागदोपत्री तिच्या आयुष्यात काहीच होत नव्हतं.

ऑगस्टमध्ये प्रशस्तिपत्र आलं. कु. जुई निनाद झोपे, आदर्श निद्रा, राज्यात प्रथम. एकदाही रडली नाही. एकदाही श्वास अडखळला नाही. निनादने ते कपाटात पालथं ठेवलं.

केतकीला जुलैत मुलगा झाला होता. निहार. तिच्याकडेही कूसच, भावाच्या तक्त्यावर विश्वास ठेवून घेतलेली. तिच्या सासरी बारशाला दगड वगैरे प्रकार नव्हता, त्यामुळे तिच्या कुशीने खऱ्या बाळालाच ओळखलं होतं. निहार सात आठवड्यांचा झाला तेव्हा ती त्याला, त्याच्या कुशीसकट गाडीत घालून, घेऊन आली.

"वहिनी, रडतच नाही गं हा," ती चपला काढता काढता म्हणाली. "पहिले दोन आठवडे काय बोंबललाय! आता बघ. गाडीत चार तास, हूं नाही की चूं नाही. असं बाळ पाहिलंयस कधी?"

शाल्मलीने पाहिलं होतं.

तिने निहारला जुईशेजारी सतरंजीवर ठेवलं. जुई जुन्या रिक्षासारखा श्वास घेत होती. भरभर, मग एकदम बंद, मग उचकी लागल्यासारखी सुरू. तान्ही बाळं अशीच श्वास घेतात. पाच-सात सेकंद थांबतात, आईचा जीव काढतात आणि पुन्हा चालू पडतात. निहारची छाती वर जात होती, खाली येत होती. वर जात होती, खाली येत होती.

"दूध कधी प्यायला?"

"सकाळी. मागतच नाही. मीच लावते अंगावर."

आता दुपारचे तीन वाजले होते. वैशालीबाईंनी त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. तो थोडा वेळ थांबला, जणू काही विचारून येतो, आणि मग डोळे उघडले. तो बघत होता, पण कुणाकडेच नाही.

"शहाणा गं माझा राजा," केतकी म्हणाली. वैशालीबाईंनी बोट मागे घेतलं आणि पदराला पुसलं.

शाल्मलीने घड्याळाकडे बघत मोजलं. जुई बेचाळीस. निहार सोळा.

तिने पुन्हा मोजलं. सोळा.

निनादला तिने स्वयंपाकघरात गाठलं. तो सगळं ऐकत उभा राहिला, ओट्याचा कोपरा हलतो का हे बघत. मग त्यानेच तिला समजावलं, कारण माहितीपुस्तकाचं शेवटचं पान वाचणारा राज्यात तो एकटाच असावा. दर शनिवारी दुपारी कुशींची शिकवणी असते. राज्यातल्या सगळ्या कुशी आपापल्या बाळांची झोप वर पाठवतात. त्यातली उत्तम झोप निवडून तिचा नमुना होतो आणि तो पुन्हा सगळ्या कुशींना मिळतो. मग प्रत्येक कूस आपल्या बाळाला थोडं थोडं त्या नमुन्याकडे वळवते. बाळ चुळबुळलं की गादी जरा जोरात श्वास घेते. रडायला तोंड उघडलं की बाळाला न कळेल असं झुलवते. रडणं फुटायच्या आधीच विझतं. बाळ हळूहळू तिच्याच तालात श्वास घ्यायला शिकतं.

"आणि उत्तम झोप कुणाची?" शाल्मलीने विचारलं.

निनादने ओट्याचा कोपरा पुन्हा हलवून पाहिला.

"निनाद, तेरा शनिवार झाले."

"आपण बोललो तर जुईला नेतील."

"निहार तुझा भाचा आहे."

"आणि ही माझी मुलगी आहे!" तो ओरडला. बाहेर जुई दचकून रडायला लागली. निहार नाही.

केतकीला शाल्मलीनेच सांगितलं, सगळं, पाट्यापासून प्रशस्तिपत्रापर्यंत. केतकी आधी हसली. खूप हसली, पोट धरून. "म्हणजे मी दगडाच्या कानात... आणि तो राज्यात पहिला!" मग तिचं हसणं बंद पडलं. तिने निहारला उचललं, हलवलं, गालावर हलकेच चापट मारली, मग जरा जोरात. "रड ना रे," ती म्हणाली. "रड ना."

त्याला कुशीत ठेवायचंच नाही असं म्हणायला तिला कुणीच अडवलं नसतं, तीन तासांपर्यंत. त्याच्या जागी तिने उशी ठेवून पाहिली, विटेला झबलं घालून पाहिलं. उशीही कप्प्यात गेली, वीटही. तिच्या कुशीला खरं बाळ ओळखता येत होतं, हीच अडचण होती. डॉक्टरांनी निहारला तपासलं आणि कुशीचा अहवाल उघडला. अहवालात लिहिलं होतं: प्रगती उत्तम, आदर्शापासून फक्त चार टक्के दूर.

गुरुवारी शाल्मली जिल्हा निद्रा कक्षात गेली. एका कडेवर जुई, दुसऱ्या खांद्याला पिशवी, पिशवीत वरवंटा. तो घरी ठेवता आला नसता असं नाही. पण प्रकरण त्याचंच होतं. ठोसर ओळखीचं हसले.

"नमुना काढून टाका," ती म्हणाली. "फक्त एवढं. त्या दगडाची झोप शिकवणीतून काढा."

"नमुना एकाच कारणाने निघतो, ताई. बाळ दगावलं तर. त्याची झोप दुसऱ्यांना शिकवू नये म्हणून आपोआप वगळतात."

"मग लिहा, दगावलं."

ठोसरांनी दार लोटून घेतलं. "कुणाचं नाव घेताय कळतंय का? दाखल्यावर जुई आहे. जुई गेली असं लागलं की ही," त्यांनी कडेवरच्या पोरीकडे पाहिलं, "ही कायमची कुणीच नाही. शाळा नाही, दवाखाना नाही, काही नाही. उद्या पुन्हा जन्म घेते म्हणाली तरी लसीच्या वेळी घेतलेला अंगठ्याचा ठसा मेलेल्या मुलीचा निघेल."

जुई त्यांच्या टेबलावरच्या फायलीची दोरी तोंडात घालत होती. शाल्मलीने ती काढली. जुईने परत घातली.

"कळतंय," शाल्मली म्हणाली. "लिहा."

"माझ्या लिहिण्याने होत नाही. कुशीनं कळवावं लागतं, श्वास थांबला म्हणून. आणि ती म्हणते, तब्येत ठणठणीत."

शाल्मलीने जुईला टेबलावर निजवलं, पिशवीतून वरवंटा काढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. खाली शहाबादी फरशी होती.

"ताई!" ठोसर उभेच राहिले. "वर कॅमेरा आहे. फीत बांधलेली आहे. माझ्या कार्यालयात, माझ्यासमोर, आईने बाळाला आपटलं असं होईल ते. तुम्ही आत, ही बालगृहात, आणि नमुन्याची वर्षभर चौकशी. तोवर शिकवणी चालूच."

तिने दगड हळूच खाली घेऊन टेबलावर ठेवला आणि जुईला उचललं. पंखा फिरत होता. वरवंट्याखाली ठोसरांनी, नकळत, एक मऊ फडकं सरकवलं.

"मग काय करू?"

"अर्ज करा."

"मंजूर होईल?"

"वर जाईल," ठोसर म्हणाले, आणि तिच्यापुढे कोरा कागद ठेवला.

बाहेरच्या बाकावर बसून तिने तो लिहिला. मधे जुईला पाजलं. केतकी शेजारी निहारला घेऊन बसली होती. तिने साक्षीदार म्हणून सही केली. कागद आवक खिडकीत गेला, त्यावर शिक्का बसला, आणि तो असा:

प्रति, मा. राज्य निद्रा आयुक्त,

विषय : वरवंट्यास मयत घोषित करण्याबाबत.

महोदय, खाली सही करणार शाल्मली निनाद झोपे विनंतीपूर्वक अर्ज करते की, माझी मुलगी म्हणून आपल्या दप्तरी नोंद असलेला दगड हा जन्मापासून मृत असून त्याची प्रकृती उत्तम असल्याचा अहवाल ग्राह्य धरू नये. त्यास मयत घोषित करून त्याची झोप शनिवार दुपारच्या शिकवणीपूर्वी वगळण्यात यावी. सदर नोंदीसोबत माझ्या हयात मुलीचे नाव, जन्मतारीख व पुढील आयुष्य रद्द होणार आहे याची मला पूर्ण कल्पना आहे व त्यास माझी हरकत नाही. मुलगी माझ्या मांडीवर आहे, ती कोणाकडेही काही मागणार नाही.

तसेच या अर्जावर निर्णय होईपर्यंत माझा भाचा चि. निहार, वय सात आठवडे, यास श्वास मधेच अडखळू देण्याची व दिवसातून किमान एकदा, आपल्या सोयीच्या वेळी, मोठ्याने रडण्याची तात्पुरती परवानगी देण्यात यावी, ही नम्र विनंती.